भात उभं आहे, आबा नाहीत

प्रश्न : आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राजवळ. मी नोकरीनिमित्त विरारला असतो. आमचे वडील, आबा, श्रावणात गेले, वय 68. लावणी अर्धी राहिली होती म्हणून त्यांनी ताप अंगावर काढला. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आहे, उशीर झाला. 2020 च्या निसर्ग वादळात आमची काजूची बाग आडवी झाली होती, ती त्यांनी पुन्हा लावली. आता आई म्हणते, भात मी कापणार. धाकटा भाऊ म्हणतो, जमीन विकू आणि आईला इकडे आणू. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. दोन काका आणि आत्या हयात आहेत. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, विरार

उत्तर : आधी आईकडे बघा, कागद नंतर. ज्या चिखलात आबा लावणी करत होते, त्याच चिखलात त्याही अनवाणी उभ्या होत्या. उंदराच्या मुतातून लेप्टोचा जंतू पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून, कापलेल्या बोटातून अंगात शिरतो. लावणीच्या चिखलात गमबूट रुततात, कुणी घालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कापणीच्या आधी खाचरातलं पाणी सोडून दिलं की घालता येतात, आणि आईंनी ते घालायचेच. आरोग्य केंद्रात डॉक्सिसायक्लिनबद्दल विचारा. जोखमीच्या दिवसांत आठवड्याला एकदा ही गोळी देतात. डॉक्टर सांगतील तरच घ्यायची. ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वेळेत औषध मिळालं तर बहुतेक माणसं यातून उठतात, म्हणून आबांचं जाणं मला फार लागलं.

कृषी सहायक म्हणून नोकरी करताना असे बापे मी पुष्कळ पाहिले. बैल जरा चरेनासा झाला की गुरांच्या डॉक्टरला बोलावणं, आणि स्वतःला ताप भरला की आल्याचा काढा. तरवा, म्हणजे लावणीची रोपं, जुना झाला की फुटवे कमी येतात, सावडीला (एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबायला) आलेली माणसं उद्या दुसऱ्याच्या शेतावर जाणार असतात; अशा वेळी त्यांना अंथरुणावर पडणं जमत नाही. याला निष्काळजीपणा म्हणू नका, भावालाही म्हणू देऊ नका.

भात आईंना कापू द्या, पण एकट्यांना नाही. दोघे भाऊ रजा काढून जा. लोंबीतले बहुतेक दाणे पिकले की कापणी करायची, पूर्ण सुकायची वाट पाहिली तर दाणा झडतो. वैभव विळ्याने (भातकापणीच्या सुधारित विळ्याने) जमिनीलगत कापा, पेंढाही जास्त मिळतो.

गावी असताना आणखी एक काम करा, ते मला कागदाइतकंच मोलाचं वाटतं. काकांना आणि बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला घेऊन जमिनीवर फिरा. गडगा (दगडी कुंपण) कुठून कुठे, वरच्या खाचराचं पाणी कुणाच्या मळ्यातून उतरतं, वरकसात (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत) जाणारी पायवाट कुणाची, हे आबांना तोंडपाठ होतं आणि सातबाऱ्यात यातलं फारसं नाही. फोनवर रेकॉर्ड करा. आईंना बोलू द्या; त्यांना तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त माहीत असणार.

आता कागद. आधी आजोबांच्या वारसांची नोंद, मग आबांच्या. मृत्यूचे दाखले आणि सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही करता येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 149 प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. आजोबांचं राहून गेलं म्हणून घाबरू नका, उशिरानेही नोंद होते. हरकतीसाठी नोटीस निघते, 15 दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, प्रमाणित करतात.

आत्याचं नाव वगळू नका. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे आणि मुली हे पहिल्या वर्गातले वारस, आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी मुलाच्या बरोबरीने आली. बाराव्याला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवताना मी पाहिलं आहे. तुमच्या घरात तसं होऊ देऊ नका. आत्याला हक्क सोडायचा असेल तर तिने सवडीने, समजून सोडावा, आणि ते पत्र नोंदणीकृत असावं.

भावाचं म्हणणं प्रेमापोटी आहे, पण आज विकायला तुमच्या हातात ठरावीक तुकडाच नाही. वाटप झाल्याशिवाय कुठली खाचरं तुमची हे ठरत नाही. शिवाय कुळकायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. उद्या सगळं विकून बसलात तर तुमच्या मुलांनाच गावात परत जमीन घेताना अडचण येईल. आणि आई विरारला येऊन काय करणार, हे त्यांना कुणी विचारलंय का? साठी उलटल्यावर, पडलेली झाडं उचलून, आबांनी पुन्हा काजू लावला. ती कलमं आता उत्पन्नाला येण्याच्या वयाची आहेत. निदान दोन हंगाम आईंना तो काजू वेचू द्या. दिवाळीनंतर बुंध्याभोवतीचं गवत काढून बागेच्या कडेने जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) घ्या, कारण फाल्गुनात सड्यावर (कातळाच्या माळावर) वणवे लागतात.

नवा सातबारा हातात आला की आईंचं नाव आधार कार्डाशी अक्षर न अक्षर जुळतं का ते तिथेच तपासा. एका वेलांटीसाठी पुढे पीकविमा आणि बँकेचं काम अडतं. चूक दिसली तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या.