डांग्या खोकल्याची लस: 'साधी' सुरक्षित की 'पेनलेस'?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोठ्या मुलीला त्रिगुणी लशीनंतर दोन दिवस ताप होता, मांडी सुजली, वर तिथं गाठ राहिली. आता धाकटा दीड महिन्याचा झालाय. डांग्या खोकल्याच्या दोन लशींपैकी त्याच्यासाठी सुरक्षित कुठली, आणि घरचे म्हणतात तसं तो जरा मोठा होईपर्यंत थांबलं तर चालेल का?

थांबण्याचं उत्तर आधी देते, कारण ते एका शब्दाचं आहे: नाही. बाकीच्याला वेळ लागेल.

मी नर्स आहे. बरीच वर्षं लसीकरणाच्या खोलीत काढली. दोन्ही लशी कित्येक चिमुकल्या मांड्यांत टोचल्यात आणि त्याच रात्री "सिस्टर, अंग फार तापलंय हो" असे फोनही घेतलेत. त्यामुळे पुस्तकातलं आणि खोलीतलं दोन्ही सांगते.

'साधी' म्हणजे होल सेल लस. तिच्यात डांग्या खोकल्याचा अख्खा जंतू मारून घातलेला असतो. अख्खा जंतू म्हणजे त्याची तीन हजारांच्या घरातली प्रथिनं आली आणि आवरणातलं एंडोटॉक्सिनही आलं. बाळाला ताप चढतो तो मुख्यतः या एंडोटॉक्सिनमुळे. 'पेनलेस' म्हणजे एसेल्युलर लस. तिच्यात जंतूची एक ते पाच निवडक प्रथिनं शुद्ध करून घेतलेली असतात. जंतूचं विष निकामी करून घातलेलं असतंच, बाकीची कंपनीगणिक बदलतात. घटसर्प आणि धनुर्वाताचा भाग दोन्हींत सारखाच, आणि लशीचा जोर वाढवणारा अ‍ॅल्युमिनियमचा क्षारही दोन्हींत. सुई तर तीच! 'पेनलेस' म्हणून आणलेल्या बाळानं टाहो फोडला की आया माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी बाटली बदलली. दुखणं कमी असतं ते नंतरचं, टोचतानाचं नव्हे.

आता त्रास किती ते बघू. अमेरिकेत १९८१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साध्या त्रिगुणीचे १५,७५२ डोस दिल्यानंतर मुलांवर लक्ष ठेवलं होतं. जवळपास निम्म्या मुलांना जागा दुखली, निम्म्यांच्या आसपास मुलांना ताप आला, शंभरातली तीन मुलं बराच वेळ न थांबता रडली. ज्यांना डांग्या खोकल्याचा भाग वगळून फक्त घटसर्प-धनुर्वाताची लस दिली होती, त्यांच्यात ताप आणि दुखणं दोन्ही दहा टक्क्यांच्या आसपासच होतं. म्हणजे तुमच्या मुलीला जे झालं ते अख्ख्या जंतूमुळे, आणि ते होणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे. एसेल्युलर लशीत हे सगळं बरंच कमी होतं. हे मी आकड्यांशिवायही सांगू शकले असते. ती लस जास्त दिली जायला लागली तसे माझे रात्रीचे फोन कमी झाले.

त्याच अभ्यासात दोन गोष्टी दुर्मिळ पण घाबरवणाऱ्या दिसल्या. नऊ वेळा झटके आले आणि नऊ वेळा बाळ अचानक लुळं पडलं. म्हणजे प्रत्येकी साधारण १,७५० डोसांमागे एकदा. हे लुळं पडणं मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी डोस दिला होता. दुपारी त्या बाळाचा बाप पायातल्या वेगवेगळ्या चपलांनिशी धावत आला. मूल हातावर ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं, ओठ पांढुरके, हाक मारली तरी बघेना. डॉक्टरांनी टेबलावर घेऊन तपासायला सुरुवात केली आणि पाच-सात मिनिटांत पठ्ठ्या त्यांच्या स्टेथोस्कोपची नळी ओढायला लागला. बापाला मात्र तासभर खुर्चीतून उठवेना. पुढचे डोस त्या मुलाला एसेल्युलरचे दिले, काही झालं नाही. असे प्रकार मागे काही ठेवून जात नाहीत, तापातल्या झटक्यांचंही तसंच. एसेल्युलरनंतर दोन्ही कमी होतात, अजिबात होत नाहीत असं मात्र नाही.

मग "साध्या लशीनं मेंदूला इजा होते" हे कुठून आलं? तुमच्या घरच्यांनीही कुठंतरी तेच ऐकलं असणार. १९७४ साली लंडनच्या डॉक्टरांनी ३६ मुलांची माहिती छापली. या मुलांना लशीनंतर झटके वगैरे मज्जासंस्थेचे आजार सुरू झाले होते. लस न घेतलेल्या मुलांशी तुलना त्यात नव्हती. पण बातमी पसरली, आणि ब्रिटनमध्ये ऐंशी टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण तिशीवर घसरलं. त्यानंतरच्या साथीत एक लाखाहून जास्त रुग्ण नोंदले गेले. जपानमध्ये १९७५ साली दोन बाळं लशीनंतर दगावल्यावर लस थांबवली आणि पुढं सुरू केली ती दोन वर्षांवरच्या मुलांसाठी. 'मोठा होऊ दे, मग देऊ' हे तिथं अख्ख्या देशानं करून पाहिलं. १९७९ साली तिथं डांग्या खोकल्याचे सुमारे १३,००० रुग्ण झाले, ४१ मुलं गेली. याच धक्क्यातून जपाननं एसेल्युलर लस घडवली आणि १९८१ पासून वापरात आणली. त्यामुळे तिचा जन्म 'साधीपेक्षा सौम्य' या एकाच गरजेतून झाला हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

मेंदूच्या इजेचं काय झालं? मुलांच्या काही गंभीर फिट्स सुरू होण्याचं वय आणि लशीचं वय नेमकं एक आहे, पहिलं वर्ष. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. ब्रिटनच्या मोठ्या पाहणीनं आधी लाखो डोसांमागे एखादी कायमची इजा असा अंदाज दिला होता, तो पुढं तपासणीत टिकला नाही. १९८८ साली तिथल्या न्यायालयानंही लशीमुळे इजा होते हे सिद्ध झालेलं नाही असाच निकाल दिला. आणि २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लशीमुळे मेंदूला इजा झाल्याचं मानल्या गेलेल्या १४ रुग्णांची जनुकं तपासली. त्यातल्या ११ जणांत एससीएन१ए या जनुकातला दोष सापडला. तो जन्मापासूनचा. लशीच्या तापानं पहिला झटका थोडा आधी आला असेल, पण आजार आधीपासूनच अंगात होता. पाळण्यात अचानक होणाऱ्या मृत्यूंशीही या लशीचा संबंध आढळलेला नाही.

म्हणून मी आयांना नेहमी दोन शब्द वेगळे करून सांगते: त्रास आणि धोका. त्रासात एसेल्युलर सरळ जिंकते. धोक्यात, म्हणजे कायमचं नुकसान होण्यात, दोघींत मोजण्यासारखा फरक नाही. अ‍ॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया दोन्हींनंतर अतिशय दुर्मिळ, आणि आम्ही अर्धा तास बसवून ठेवतो ते तिच्यासाठीच. तेवढं बसत जा, पार्किंगमध्ये गाडी अडकली असली तरी.

त्रासात जिंकणाऱ्या एसेल्युलरलाही एक खोड आहे. चौथ्या-पाचव्या डोसाला, म्हणजे बूस्टरला, शंभरातल्या दोन-तीन मुलांची अख्खी मांडी किंवा दंड सुजतो. दिसायला भयंकर, मुलाला त्या मानानं दुखत नाही आणि आपोआप उतरतो.

आणि सौम्यपणाची किंमत असतेच. एसेल्युलरचं संरक्षण लवकर ओसरतं. अमेरिकेनं १९९७ पासून सगळे डोस एसेल्युलरचे द्यायला सांगितले. २०१० साली कॅलिफोर्नियात नऊ हजारांवर रुग्ण झाले, दहा बाळं दगावली. तिथल्याच मुलांच्या अभ्यासात पाचव्या डोसानंतर दर वर्षी आजाराची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी वाढताना दिसली, आणि ज्यांचे सुरुवातीचे डोस साध्या लशीचे होते ती मुलं जास्त सुरक्षित निघाली. बबून माकडांवरच्या प्रयोगात तर एसेल्युलर घेतलेली माकडं स्वतः आजारी पडली नाहीत, पण जंतू घशात बाळगून दुसऱ्यांना देत राहिली. साधी लसही सगळी सारखी नसते हे खरं. १९९० च्या दशकात युरोपातल्या चाचण्यांत एका कंपनीची साधी लस फारच कच्ची ठरली होती. पण चांगली साधी लस वापरणाऱ्या देशांनी पहिले डोस तिचेच चालू ठेवावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं ते या सगळ्यामुळे.

आता तुमचा धाकटा. माझं मत विचाराल तर: दोन्ही लशी समोर असतील आणि बाळ ठणठणीत असेल तर मी साधी देईन, एक रात्र जागायची तयारी ठेवून. मोठ्या मुलीचा ताप आणि सूज हे धाकट्याला साधी नाकारण्याचं कारण नाही. पण त्या आठवणीनं तुमच्या पोटात गोळा येत असेल आणि त्यापायी पुढचा डोस लांबणार असेल, तर एसेल्युलर घ्या आणि बूस्टर मात्र चुकवू नका. बाळाला स्वतःला आधीच्या डोसाला झटका आला असेल किंवा ते लुळं पडलं असेल तर एसेल्युलरबद्दल डॉक्टरांशी बोला. डोसानंतर सात दिवसांत दुसरं कारण न सापडणारा मेंदूचा गंभीर आजार झाला, किंवा तीव्र अ‍ॅलर्जी आली, तर मात्र डांग्या खोकल्याची कुठलीच लस पुन्हा देत नाहीत. सुरुवातीचे तिन्ही डोस शक्यतो एकाच प्रकारचे असावेत. आधीची कुठली होती ते कळत नसेल तर मिळेल ती द्यावी, डोस चुकवू नये.

थांबू नका म्हटलं त्याचं कारण असं की हा आजार मारतो तो पहिल्या काही महिन्यांत. इतकी लहान बाळं खोकतही नाहीत कधीकधी. नुसती श्वास घ्यायची थांबतात, निळी पडतात. त्यासाठीच ब्रिटननं ऑक्टोबर २०१२ पासून गरोदर बायकांना एसेल्युलर द्यायला सुरुवात केली, आणि दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळांना त्यातून नव्वद टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळालं. तुमच्या धाकट्यासाठी ती वेळ गेली. त्याला सहा आठवडे भरलेत, म्हणजे पहिला डोस आजही देता येतो.

आधीच पॅरासिटामॉल पाजून नेऊ नका. त्यानं लशीला मिळणारा प्रतिसाद थोडा कमी होतो असं आढळलंय. ताप आला, बाळ कण्हायला लागलं, की वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेलं द्या. ताप दोन दिवसांवर गेला, दूध पीत नाही, उठवूनही उठत नाही किंवा तीन तास रडणं थांबत नाही, तर दवाखाना गाठा.

आणि मोठीच्या मांडीतली ती गाठ. वाटाण्याएवढी, कडक, दाबली तर हलते, दुखत नाही, अशीच असेल तर ती अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराभोवती झालेली आहे. काही आठवडे, कधी काही महिने राहते आणि जिरते. शेकू नका, चोळू नका. लाल झाली, गरम लागली किंवा वाढायला लागली तरच दाखवा.