कण गेला की त्याची खूण?

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. चौकात आठ-आठ तास उभे राहणारे वाहतूक पोलीस, त्यांच्याच खात्यातले कचेरीत बसणारे कर्मचारी, आणि दोघांच्याही दंडातली धमनी आणि फुप्फुसं. विषय पक्का आहे. पण तिसऱ्या पानावर तू बिनधास्त लिहिलंयस, ‘अतिसूक्ष्म कण फुप्फुसातून थेट रक्तात उतरतात आणि धमनी कडक करतात.’ या एका वाक्यात तीन दावे आहेत: कण अतिसूक्ष्म होते, ते रक्तात उतरले, धमनी कडक झाली. तू मागवलेल्या उपकरणांनी यातला एकही सिद्ध होणार नाही.

मधल्या दाव्यापासून सुरुवात करू. 2002 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी पाच निरोगी माणसांना टेक्नेशियमची किरणोत्सारी खूण लावलेले कार्बनचे अतिसूक्ष्म कण श्वासातून दिले. मिनिटाभरात रक्तात किरणोत्सार दिसला. कण इतक्या लवकर रक्तात पोचतात, असा निष्कर्ष निघाला आणि तो पुढे बराच फिरला. 2006 मध्ये एडिंबरोच्या गटाने तेच करून पाहिलं, तेव्हा रक्तात सापडलं ते कणांपासून सुटलेलं टेक्नेशियम. कण बहुतांशी फुप्फुसातच बसलेले होते. खूण गेली होती, कण नाही. मग 2017 मध्ये त्याच शहरातल्या गटाने सोन्याचे नॅनोकण वापरले, कारण सोनं शरीरात एरवी जवळजवळ नसतंच. ते काही जणांच्या रक्तात 15 मिनिटांत, तर इतरांत 24 तासांच्या आत दिसलं आणि तीन महिन्यांनंतरही सापडलं. मूळचे 5 नॅनोमीटरचे कण 30 नॅनोमीटरच्या कणांपेक्षा जास्त प्रमाणात उतरले होते. मानेतल्या धमनीची शस्त्रक्रिया होणार होती अशा काही रुग्णांच्या कापून काढलेल्या चरबीच्या थरातही सोनं निघालं. म्हणजे कण उतरतात हे खरं. पण तुझ्या पोलिसांच्या रक्तात ते उतरले की नाही, हे तू मोजत नाहीयेस. तेवढं वाक्य काढ.

कणाचा परिणाम धमनीपर्यंत पोचायच्या दुसऱ्या दोन वाटा विसरू नकोस. अँथनी सीटन या संशोधकांनी 1995 मध्ये मांडलेली वाट अशी: कण वायुकोशात बसतात, तिथे दाह होतो, दाहाची रसायनं रक्तात सांडतात आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते. त्यासाठी कणाने भिंत ओलांडायची गरजच नाही. तिसरी वाट मज्जातंतूंची. श्वासमार्गातल्या संवेदी टोकांना चिथावणी मिळते आणि हृदयाची लय, रक्तदाब बदलतो. हे काही मिनिटांत होतं. यावर तुझं वेळापत्रक अवलंबून आहे. कामाची पाळी सुटताच घेतलेल्या रक्तात सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन वाढलेलं दिसणार नाही, कारण यकृताला ते बनवायला वेळ लागतो. दाहाचा निरोप देणारं आयएल-6 त्याच दिवशी बघ, सीआरपी आणि रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता ‘अतिसूक्ष्म’बद्दल. तू घेतलेला स्वस्त सेन्सर कणावरून विखुरलेला प्रकाश मोजतो. साधारण 0.3 मायक्रॉनच्या खालचं त्याला दिसत नाही, आणि अतिसूक्ष्म म्हणजे 0.1 मायक्रॉनच्या, म्हणजे 100 नॅनोमीटरच्या खालचं! वस्तुमानातही हे कण हरवतात. 2.5 मायक्रॉनच्या एका गोळ्याइतकं वजन भरायला 20 नॅनोमीटरचे साडेएकोणीस लाख कण लागतात, आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग 125 पट भरतो. फुप्फुसाची कुरबूर बऱ्याच अंशी या पृष्ठभागाशी असते. टायटॅनियम डायऑक्साइडचे 20 आणि 250 नॅनोमीटरचे कण उंदरांना सारख्या वजनाने दिले, तेव्हा बारीक कणांनी जास्त दाह केला. पृष्ठभागाच्या हिशेबात मांडल्यावर दोन्ही एकाच रेषेवर आले. म्हणून दिवसभर नाही तरी निदान काही पाळ्यांना कणगणक मिळव. त्यात कणावर अल्कोहोलची वाफ साचवून त्याला मोजण्याइतका मोठा करतात. तो मिळेपर्यंत ‘पीएम 2.5’ (2.5 मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण) एवढंच म्हण.

पावसाळ्यात हा सेन्सर आणखी गडबड करतो. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा चढतो. मुंबईत जुलैत मोजणार असशील तर आर्द्रता शेजारी नोंदव, आणि हवा ओढून कण साठवणाऱ्या फिल्टरच्या वजनाशी ताडून पाहिल्याशिवाय एकही आकडा वापरू नकोस. फिल्टरसाठी 16.67 लिटर प्रति मिनिट धर, म्हणजे 24 तासांत 24 घनमीटर. आधी आणि नंतर त्याच तापमानाला, त्याच आर्द्रतेला 24 तास ठेवून मगच वजन कर. कोरा फिल्टरही सगळा प्रवास करून परत आला पाहिजे. तोच जर 30 मायक्रोग्रॅमने ‘वाढला’ असेल, तर दोष हाताळणीत आहे.

आकारावर सगळं खापर फोडू नकोस, हेही सांगतो. एडिंबरो आणि स्वीडनमधल्या उमेओ इथल्या संशोधकांनी निरोगी पुरुषांना तासभर घनमीटरला 300 मायक्रोग्रॅम इतका डिझेलचा धूर दिला, तेव्हा त्यांच्या धमन्यांची सैल होण्याची क्षमता कमी झाली. 2011 च्या प्रयोगात त्यांनी धूर गाळून, नुसते वायू आत सोडले, परिणाम नाही. शुद्ध कार्बनचे नॅनोकण दिले, तरीही नाही. कण हवेत, पण त्यांच्या अंगाला चिकटलेलं तेल, धातू, अर्धवट जळलेली संयुगंही हवीत. मला हा प्रयोग या क्षेत्रातला सगळ्यात शहाणा वाटतो.

तिसरा दावा कडकपणाचा. तू करणार आहेस ती चाचणी धमनी किती फुलते ते मोजते. कडकपणासाठी नाडीलहरीचा, म्हणजे ठोक्याची लहर धमनीतून किती वेगाने धावते त्याचा, वेग मोजावा लागतो. ते यंत्र वेगळं. फुलण्याची चाचणी करताना कफ, म्हणजे रक्तदाब मोजायची फुगणारी पट्टी, कोपराच्या खाली बांध. दंडावर बांधलास तर धमनी फुलते, पण त्यात नायट्रिक ऑक्साइडशिवाय (धमनीचं अस्तर तिला सैल करायला सोडतं तो वायू) इतर कारणंही मिसळतात. आधी एक मिनिट धमनीचं अल्ट्रासाउंड चित्रण, मग वरच्या रक्तदाबापेक्षा निदान 50 मिलिमीटर पारा जास्त दाब, बरोबर पाच मिनिटं, मग कफ सोडून तीन मिनिटं सलग चित्रण. धमनी 4.00 ची 4.28 मिलिमीटर झाली तर 7 टक्के. म्हणजे एक टक्का हा 0.04 मिलिमीटरचा खेळ आहे. अल्ट्रासाउंडचा प्रोब हातात धरलास तर तो तुझ्या श्वासाबरोबरच हलेल. स्टँड घे, आणि कडा संगणकाला शोधू दे.

टक्क्यांमध्ये एक खड्डा आहे. 2002 मध्ये टोरंटोत 25 निरोगी माणसांना दोन तास दाट केलेले सूक्ष्म कण आणि ओझोन दिला. धमनी सरासरी 0.09 मिलिमीटरने आखडली, पण फुलण्याची टक्केवारी बदलली नाही. समज, आखडून 3.90 झालेली धमनी 4.20 पर्यंत फुलली, तर टक्केवारी 7.7 येईल आणि प्रदूषणाने धमनी सुधारली असं कागदावर दिसेल. मूळ व्यास मिलिमीटरमध्ये नेहमी छाप.

माणसांचंही बघ. ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या गालात तंबाखू-चुना असू शकतो, किंवा सकाळीच मिश्री लावलेली असते. निकोटीन धमनीला धुरातून आलं काय नि दातावरून आलं काय, सारखंच. मिश्री, मशेरी, गुटखा, तपकीर अशी एकेक नावं घेऊन विचार. चहा, रात्रीची डासांची कॉइल, घरातली चूल हेही विचार. दर वेळी ठरलेल्या वेळीच मोज, सकाळ-संध्याकाळचा फरक तुझ्या अपेक्षित परिणामापेक्षा मोठा असू शकतो. कचेरीतला गट बसलेला असतो, चौकातला उन्हात, हॉर्नच्या आवाजात उभा असतो. म्हणून खरी तुलना त्याच पोलिसाच्या चौकातल्या आणि कचेरीतल्या दिवसाची कर.

फुप्फुसांबद्दल थोडक्यात. श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड आधी, स्पायरोमेट्री (जोराने फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणं) नंतर. जोराने फुंकल्यावर पहिला आकडा घसरतो. तीन चांगले फुंकर हवेत, त्यातले सर्वोत्तम दोन 150 मिलिलिटरच्या आत जुळले पाहिजेत. यंत्र तपासायची तीन लिटरची सिरिंज रोज सकाळी लाव, तीन टक्क्यांपेक्षा जास्त चूक आली तर त्या दिवशी कोणालाही बोलावू नकोस.

पोलिसांना बोलावण्याआधी दहा निरोगी माणसं घे. त्यांची धमनी एकाच वेळेला, आठवड्याच्या अंतराने, कुठल्याही धुराशिवाय दोनदा मोज. दोन्ही वेळचे व्यास आणि टक्के एका तक्त्यात टाकून पाठव. किती माणसं लागतील याचा हिशेब त्यावरून करू.