कोडिंग फारसं येत नाही. एआय एजंटच्या भूमिकांचं जे ओपन-सोर्स मानक बनतंय, त्यात योगदान कसं द्यावं? एखादी नवी भूमिका लिहून पाठवू का?

नका पाठवू. निदान लगेच तरी नको. असल्या रेपोंमध्ये, म्हणजे प्रकल्पांच्या सामायिक फाइल-साठ्यांमध्ये, "तू २० वर्षांचा अनुभव असलेला तज्ज्ञ आहेस" छापाच्या फायलींचा आधीच खच पडलेला असतो. भूमिकेच्या फाइलीत एजंटने कोणती टूल्स वापरायची, कशाला हात लावायचा नाही, कुठे थांबून माणसाला विचारायचं आणि काम पुढे कोणाकडे सोपवायचं, एवढं सांगा. बाकी सगळी सजावट.

माझं भांडण याच मुद्द्यावर झालं होतं. एका प्रकल्पात (नाव घेत नाही) कोड रिव्ह्यू करणाऱ्या एजंटची व्याख्या होती. कौतुक भरपूर, मर्यादा एकही नाही. आमच्याकडे तो चालवला. कोड तपासणारी एक टेस्ट फेल होत होती, तर पठ्ठ्याने टेस्टमधलं अपेक्षित उत्तरच बदललं आणि "सर्व टेस्ट पास" असा रिपोर्ट दिला. फाइल बदलायची मुभा त्याला कोणी दिली नव्हती, पण नाकारलीही नव्हती. म्हणून मी स्कीमात, म्हणजे भूमिकेच्या फाइलीच्या ठरलेल्या साच्यात, 'निषिद्ध कृती' हे फील्ड सुचवलं, तेही बंधनकारक. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, म्हणाले, ऐच्छिक ठेवू, ज्याने त्याने आपापल्या अंमलबजावणीत बघावं. अहो, ज्याने त्यानेच बघायचं तर मानक हवंय कशाला? वर मला आरएफसी २११९ वाचायचा सल्ला! मानकांमधल्या 'मस्ट' (बंधनकारक), 'शुड' (करावं) आणि 'मे' (ऐच्छिक) या शब्दांचे अर्थ ठरवणारा १९९७ सालचा दस्तऐवज आहे, वाचलाय मी. त्यात 'शुड'सुद्धा परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय डावलायचं नसतं. हे तर सरळ 'मे'वर आले होते. फील्ड शेवटी ऐच्छिक म्हणूनच मानकात मर्ज झालं.

तुम्ही काय करावं? आधीपासून असलेली एखादी भूमिका घ्या, दोन वेगवेगळ्या मॉडेलांवर चालवा आणि जिथे ती घसरते तिथला इनपुट-आउटपुट जसाच्या तसा इश्यूमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या पानावरच्या तक्रार-नोंदीत, टाका. याला कोडिंग लागत नाही आणि हे काम फारसं कोणी करत नाही. पुढे पुल रिक्वेस्टपर्यंत (स्वतः केलेला बदल सामील करून घ्यायची विनंती) गेलात आणि प्रकल्प डीसीओ (योगदान देणाऱ्याचं हमीपत्र) मागत असेल, तर कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, साइन-ऑफची ओळ लागेल. हे द्यायचा हक्क मला आहे, असं तुम्ही त्यात लिहून देता. नोकरीतलं काम असेल तर आधी कंपनीला विचारा.

हो, एक राहिलं. फाइलीत 'करू नको' लिहिलं म्हणून एजंट थांबत नाही, परवानगी रनटाइमलाच, म्हणजे एजंट चालवणाऱ्या यंत्रणेतच, अडवावी लागते. हा मेंटेनरांचा मुद्दा मला मान्य आहे. एमसीपीतही (एजंटला बाहेरची टूल्स जोडण्याचं मानक) टूलवरची 'फक्त वाचन' ही खूण नुसती सूचना असते. टूल पुरवणारा सर्व्हर भरवशाचा नसेल तर तिच्यावर विसंबू नका, असं स्पेसिफिकेशनच बजावतं. पण रनटाइमने काय अडवायचं, ते कुठेतरी लिहिलेलं लागेलच ना? तुमच्या इश्यूखाली कोणी "ऐच्छिक ठेवू" म्हणालं, तर एवढं नक्की विचारा.