आयर्लंडच्या पाच दिवसांत मोहरचे कडे, रिंग ऑफ केरी आणि शेवटच्या दिवशी स्केलिग मायकल जमेल का?

तुम्ही चौघं, मुलं नऊ आणि चौदा वर्षांची, सगळ्यांना गड चढायची सवय, जुलैचे पाच दिवस, आणि स्केलिग शेवटच्या दिवशी. या क्रमानं गेलात तर बहुधा स्केलिग, म्हणजे समुद्रातलं जुन्या ख्रिस्ती मठाचं बेट, न बघताच परत याल. स्केलिग पहिल्या दिवशी ठेवा आणि त्यानंतरचे दोन दिवस मोकळे सोडा. मुक्काम केरीच्या किनाऱ्यावरच्या पोर्टमॅगी किंवा कॅहरसिव्हीन गावात, तीन रात्री. बाकी सगळं त्याच्याभोवती बसवा.

कारण समुद्र. बेट केरीच्या किनाऱ्यापासून साधारण 12 किलोमीटर आत आहे आणि मध्ये आडोसा काहीच नाही. ऊन लख्ख पडलेलं असतं, धक्क्यावर वाराही नसतो, तरी बोट रद्द होते. दूर अटलांटिकमध्ये दोन-तीन दिवसांपूर्वी झालेल्या वादळाची लांब लाट तेव्हा येऊन पोचत असते. खुल्या समुद्रात ती जाणवतही नाही, पण बेटाच्या उतरायच्या पायऱ्यांपाशी तीच लाट बोटीला वर-खाली आपटते. निर्णय नाखवा त्याच सकाळी घेतो आणि त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. म्हणून राखीव दिवस हवेत.

बेटावर उतरायचा हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. परवानाधारक बोटी मोजक्या, एकेकीत 12 माणसं, दिवसाला साधारण 180 जणच बेटावर जातात. जुलैच्या जागा वर्षाच्या सुरुवातीलाच भरू लागतात. आता मिळाली नाही तर बोटवाल्यांकडे रद्द झालेल्या जागांसाठी नाव देऊन ठेवा आणि एकट्या माणसाची जागाही नाकारू नका.

बोट लागते त्यांनी गोळी निघायच्या दोन तास आधी घ्यावी. लाटा सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. लहान मुलाला कोणती द्यायची ते इथूनच डॉक्टरांना विचारून न्या. बेटावर शौचालय नाही, पाणी नाही, खायला नाही, पावसात उभं राहायला छप्पर नाही. घोटा धरणारे बूट, पावसाळी जाकीट आणि पँट, माणशी लिटरभर पाणी, डबा. छत्री नको. सगळं पाठीवर, दोन्ही हात मोकळे. उतरताना बोट लाटेवर वर येते तेव्हाच, खलाशी सांगेल त्या क्षणी पाय टाकायचा. बोट खाली जात असताना टाकलात तर पायरी निसटते. तेव्हा हातात फोन नको.

आता वर मठाकडे जाणाऱ्या 618 पायऱ्या. "रायगडापुढे त्या काय!" हे मराठी ट्रेकर मंडळींकडून मी इतक्यांदा ऐकलंय की एकदाच सविस्तर सांगतो. प्रश्न दमाचा नाहीच. पायऱ्या हजारेक वर्षांपूर्वीच्या, ओबडधोबड फरशांच्या, उंची एकसारखी नाही आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही. पावसाने आणि पक्ष्यांच्या विष्ठेने त्या बुळबुळीत होतात. वाऱ्याचा झोत दोन शिखरांमधल्या खिंडीत अचानक बसतो. चढताना नजर दगडावर असते, उतरताना समोर थेट समुद्र दिसतो आणि सवयीची माणसंही तिथे गोठतात. 2009 मध्ये दोन वेगवेगळ्या घटनांत इथे दोन पर्यटक पडून मरण पावले. उतरताना पाऊल आडवं टाका, समोरून माणूस आला तर डोंगराच्या बाजूला थांबा, फोटो बसूनच काढा. वाट सोडून गवतावर जाऊ नका. खाली पफिन पक्ष्यांची बिळं असतात, जमीन पोकळ असते.

वर सहा मधमाशीच्या पोळ्यासारख्या खोल्या आणि दोन प्रार्थनागृहं आहेत. या मठासाठीच 1996 मध्ये बेट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. चुना नाही, माती नाही, नुसता दगड. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत नेत वर छत मिटवलंय, आणि दगड बाहेरच्या बाजूला किंचित झुकते ठेवलेत, म्हणजे पाणी बाहेर ओघळतं. बाहेरून गोल दिसणारी खोली आत चौकोनी आहे, आत जाऊन कोपरे बघाच. त्याहून मोठं काम खोल्यांच्या खाली आहे: उभ्या उतारावर दगडी भिंती घालून आधी सपाटी तयार केली, मग वर घरं. पावसाचं पाणी साठवायला टाकीही आहे. वाटाड्याचं बोलणं संपलं की लगेच परत फिरू नका. बेटावर जेमतेम अडीच तास मिळतात, त्यातला निदान तास इथे द्या. 'स्टार वॉर्स'चं चित्रीकरण झालेली जागा म्हणून फोटो काढून खाली पळणाऱ्यांशी माझं भांडण याच एका तासावरून आहे.

बोट रद्द झाली तर दिवस वाया जात नाही. पोर्टमॅगीतून पूल ओलांडला की व्हॅलेंशिया बेट. तिथे उत्तर किनाऱ्यावरच्या खडकात साडेअडतीस कोटी वर्षांपूर्वीच्या चतुष्पाद प्राण्याच्या पावलांच्या खुणा आहेत. मुलांना नक्की दाखवा, ओल्या खडकावर मात्र जाऊ नका. ब्रे हेडच्या टोकापर्यंत चालत जाऊन-येऊन दोनेक तास, समोर दोन्ही स्केलिग, मोठं आणि शेजारचं लिटल स्केलिग. नाइट्सटाउनसमोरचं बंदर आडोशाचं आहे, बाहेर समुद्र उसळलेला असताना कयाक तिथेच चालवता येते. कॅहरसिव्हीनजवळचा काहरगल हा दगडी कोट त्याच बिनचुन्याच्या बांधणीचा.

रिंग ऑफ केरी या गोल फिरून येणाऱ्या रस्त्याचे 179 किलोमीटर एका दिवसात केलेत तर बसमागे बस बघाल. त्यापेक्षा स्केलिग रिंगचा छोटा फाटा घ्या. तिथे रस्ता इतका अरुंद की मोठ्या बस शिरत नाहीत.

मोहर? उरलेल्या दोन दिवसांत क्लेअरला जाताना संध्याकाळी बघा, जुलैत दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जायंट्स कॉजवे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत आहे, भारतीय पासपोर्टवर तुमचा आयरिश व्हिसा तिथेही चालतो का ते आधी तपासा. शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, हेही आताच तपासा.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. 12 वर्षांखालच्या मुलांना बेटावर नेऊ नये अशी सूचना आहे आणि ती योग्यच आहे, मूल कितीही गड चढलेलं असो. एका पालकाने मोठ्याला घेऊन उतरायच्या बोटीने जावं. दुसऱ्याने धाकट्यासह बेटाला फेरी मारून येणारी बोट घ्यावी. ती लिटल स्केलिगजवळून जाते, तिथे हजारो गॅनेट पक्ष्यांची वसाहत कड्यावर पांढरी दिसते. ज्याला उंचीची भीती वाटते त्यानेही हीच बोट घ्यावी. या दोन्ही बोटींच्या जागा वेगवेगळ्या आरक्षित कराव्या लागतात.