हृदयातली गाठ 'साधी' आहे म्हणतात, मग ऑपरेशनची घाई कशाला?

तुम्ही विचारलंय की आईच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या वरच्या कप्प्यात मिक्झोमा नावाची गाठ निघाली, कॅन्सर नाही, तरी डॉक्टर लवकर काढा म्हणतात. कापसाची वेचणी होईस्तोवर थांबलं तर चालेल का?

नका थांबू. आम्ही थांबलो होतो, म्हणून सांगतो.

आम्ही आर्वी तालुक्यातले. वावरात उभ्याउभ्या आईला घेरी यायची, दम लागायचा, आणि आडवी झाली की बरं वाटायचं. अंगात बारीक ताप, वजनही उतरलेलं. आधी दम्याची औषधं झाली. मग कुणाला हृदयाची झडप आकुंचल्याचा संशय आला, कारण खेड्यात सांधेवाताच्या तापानं खराब झालेल्या झडपा बऱ्याच आढळतात आणि त्या आजाराची आणि या गाठीची लक्षणं सारखीच दिसतात. इको केल्यावर गाठ दिसली. बाबा म्हणाले, "साधी आहे ना, मग वेचा उरकू दे." बाराव्या दिवशी भाकर थापताना आईचा उजवा हात लुळा पडला, शब्द फुटेना. अर्ध्या तासात सगळं परत आलं, पण तो अर्धा तास मी विसरलो नाही.

नंतर सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. ही गाठ जेलीसारखी मऊ असते आणि बहुधा वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला देठानं लटकलेली असते. प्रत्येक ठोक्याला ती झडपेकडे झोका घेते. झडपेच्या तोंडाशी अडली तर रक्ताची वाट बंद होते आणि माणूस चक्कर येऊन पडतो, कधी दगावतोही. तिचा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर मेंदूत जाऊन लकवा मारू शकतो. 'साधी' म्हणजे कॅन्सरसारखी पसरत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. धोका ती बसलीय त्या जागेचा आहे.

औषधानं किंवा काढ्यानं ती विरघळत नाही. कुणी सांगेल, अमक्याच्या बाळाच्या हृदयातली गाठ आपोआप गेली. ते खरंही असेल. लहान मुलांत ऱ्हॅब्डोमायोमा नावाची गाठ होते, ती बऱ्याचदा वयाबरोबर आकसते. आईची गाठ त्या जातीची नाही.

ऑपरेशनला छातीचं हाड उघडतात आणि हार्ट-लंग मशीन (तेवढा वेळ हृदय-फुफ्फुसाचं काम करणारं यंत्र) लावून गाठ तिच्या मुळाशी असलेल्या पडद्याच्या भागासकट काढतात. ही शस्त्रक्रिया नवी नाही. 1954 साली स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्रॅफोर्ड यांनी ती पहिल्यांदा यशस्वी केली. गाठ मुळासकट निघाली तर बहुतेकांना पुन्हा होत नाही. मात्र काही घराण्यांत ती आनुवंशिक असते, तिथं परत होण्याची शक्यता जास्त, म्हणून घरात आणखी कुणाला अशी गाठ झाली होती का ते डॉक्टरांना नक्की सांगा. आईचा इको आम्ही अजूनही दर वर्षी करतो.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रिया येतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. रेशनकार्ड, आधार आणि इकोचा रिपोर्ट घेऊन आधी त्याला भेटा. हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिने आईला हंडा उचलू देऊ नका, वेचणी तर लांबच.

तारीख मिळेपर्यंत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा हातपाय लुळा पडला, तर तो बरा होतो का हे बघत बसू नका. 108 ला फोन करून लगेच मोठा दवाखाना गाठा आणि पोचताच सांगा, "हृदयात गाठ आहे."