पहिल्या आर-चॉपच्या आधी

अगं, लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आर-चॉप ही केमो सुरू होतेय म्हणालीस, म्हणून लिहिते. माझ्या सहा सायकल, म्हणजे औषधांच्या सहा फेऱ्या, झाल्या. प्रत्येक सायकलमध्ये प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या ५ दिवस असतात. त्या सकाळीच, पोटभर नाश्ता करून घे. मी पहिल्यांदा दुपारी घेतल्या आणि रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातले डबे घासत बसले! भूक वाढते, चिडचिड होते, साखर चढते. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधीच सांग.

खरा त्रास गोळ्या थांबल्यावर. अंगातलं बळच जातं, उगाच रडू येतं. घरच्यांना कल्पना देऊन ठेव, नाहीतर तेच जास्त घाबरतात.

लघवी लाल दिसली तर तो डॉक्सोरुबिसिन या केमोतल्या लाल औषधाचा रंग, एक-दोन दिवसांत जातो. विन्क्रिस्टीन या केमोतल्या दुसऱ्या औषधाने पोट साफ होत नाही, बोटांना मुंग्या येतात. मुंग्या वाढल्या तर लपवू नकोस, डोस कमी करता येतो.

केमो दिल्यापासून साधारण ७ ते १४ दिवसांच्या मध्ये संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. घरात थर्मामीटर नसेल तर आजच आण.