सही कोणाची चालते?

प्रतिपालक आईबाप, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी ठेवून सांभाळणारे, भेटले की एक प्रश्न ठरलेलाच असतो: "ताई, पोरगं आजारी पडलं तर दवाखान्यात आमची सही चालन का?" अशा वेळी मी त्यांना पांढरकवड्याकडच्या एका बाईची गोष्ट सांगते.

बाल कल्याण समितीच्या आदेशानं नऊ वर्षांचा एक मुलगा तिच्या घरी आला, त्याला चारच महिने झाले होते. कापसाच्या वेचणीचे दिवस, पहाटेची कडक थंडी. एका रात्री पोरगं कण्हायला लागलं. सकाळी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, "तुम्ही कोन याच्या? आईबापाची सही आना." ती तशीच परत फिरली. "माह्या पोटचं नाही, मंग मी काय बोलू ताई?" हे सांगताना तिला रडू आवरेना.

मी आदेश मागितला. तो घरी पेटीत, लुगड्याच्या घडीखाली. हरवू नये म्हणून तिनं तो दवाखान्यात नेलाच नव्हता. पण तिचा हक्क त्याच कागदात आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ नं मुलाच्या शिक्षणाची, आरोग्याची, पोषणाची जबाबदारी प्रतिपालक कुटुंबावर टाकली आहे. तपासणी आणि रोजच्या औषधांसाठी जन्मदात्यांना शोधत फिरायचं कारण नाही. मोठं ऑपरेशन ठरलं तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आधी कळवा. जिवावरचं असेल तर उपचार आधी, कागद मागाहून. कुणी अडवलंच तर तिथूनच १०९८ ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. आदेशाच्या चार झेरॉक्स काढा, एक कायम पिशवीत असू द्या.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्स घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, त्यामुळे पैशाचा प्रश्न आला नाही. रक्ताचा रिपोर्ट आला: सिकलसेल, म्हणजे जन्मापासूनच असणारा रक्ताचा आजार. थंडी, कमी पाणी, अंगमेहनत यांनी त्याचं दुखणं उसळतं. संरक्षण कक्षाच्या कार्यकर्तीनं त्याच्या जन्मदात्या आईला गाठलं, तेव्हा कळलं की तपासणी दोन वर्षांपूर्वीच झाली होती. तो कागद पोराबरोबर आलाच नाही. मला अजून याचा राग येतो. मूल घरी येईल त्याच दिवशी विचारा: लसीकरणाचं कार्ड कुठंय, आधी काय दुखलं होतं, कोणती गोळी चालू होती?

मुलाशी मी एकटीच बोलले. तो दोन्ही तळव्यांनी गुडघा चोळत बसला होता. दुखतं तेव्हा इथल्या आईला काय सांगतोस, असं विचारलं.

"झोप येते म्हन्तो."

"काऊन?"

"दुखते म्हटलं तं वापस पाठवतीन."

चार महिने पोरगं हे मनात घेऊन निजत होतं. मी त्या माउलीला एवढंच म्हटलं, त्याला रोज स्वतःहून विचारा, आणि दुखत असो-नसो, "तू इथंच राहनार" हे त्याच्या कानावर पडू द्या. ती रोज विचारायला लागली. शाळेच्या दप्तरात पाण्याची बाटली आली, रात्री पायांना लोकरी मोजे आले.

संक्रांतीच्या सुमारास तिचा फोन आला. मागं एसटी स्टँडचा गलका. "ताई, दवाखान्यात चाल्लो. आज त्यानं अंगनातूनच हाक मारली, माय, पाय दुखते म्हने!" तिच्या आवाजात काळजी होती, आणि हसूही होतं.